करवंदाची कुपाटी

वैशाखातला मंगळवार. दुष्काळाचं दुसरं वर्ष. वेळ, सकाळचं दूध गोळा करून झाल्यावरची. जागा, आमच्या घरामागची बाग, दिराच्या अंगणाला लागून असलेली बाजू. हजर: मी, माझा नवरा, दूध सोसायटीच्या टेम्पोची किल्ली हातात घेऊन, धाकटा दीर, कोयत्यासह, त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, सासूबाई, बाजेवर, आणि सोसायटीचे चेअरमन. चेअरमन फक्त टेम्पो का निघाला नाही हे बघायला आले होते.

गावच्या दूध सोसायटीची मी बरीच वर्षं सचिव आहे. कुठलीही हकीगत हजेरीपासून सुरू करायची सवय तिथून लागली. त्या दिवसाची सोसायटीत नोंद झाली ती फक्त ‘आज दूध वेळेत गेले नाही’ एवढीच. बाकीचं इथे लिहिते.

आधी कुपाटीबद्दल, म्हणजे काटेरी कुंपणाबद्दल. आमचं घर गावाच्या टोकाला आहे. मागे थोडी जागा, तिथे मी शेवगा, लिंबू, कढीपत्ता, वांगी, मिरची, दोडक्याचे वेल अशी बाग केली. पलीकडे ओढा आणि माळ. माळावरून डुकरं येतात, मोकाट गुरं येतात. पहिली काही वर्षं आम्ही बाभळीच्या फांद्या तोडून आणायचो आणि कुंपण घालायचो. उन्हाळ्यात ते वाळून कुणाच्या तरी चुलीत जायचं. तारेचं कुंपण घातलं तर तार चोरीला गेली. मग मी अंबाजोगाईच्या बाजारात एका बाईकडून पानाच्या द्रोणात करवंदं घेतली, घरी सगळ्यांना खायला दिली आणि बिया ताटात थुंकायला लावल्या. करवंदाचं बी वाळवून ठेवलं की उगवत नाही. फळातून निघालं की त्याच दिवशी मातीच्या पिशवीत गेलं पाहिजे. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “डोंगरातलं काटं घरात आणायली ही.”

रोपं पावसाळ्यात चरात लावली, दोन ओळींत, एका ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध दुसऱ्या ओळीतलं एक. पहिली दोन वर्षं करवंद काहीच करत नाही. नुसतं उभं राहतं, माणसाचा धीर संपतो. तिसऱ्या वर्षी ते हात-पाय पसरायला लागतं. तेव्हाच त्याला वळण लावायचं. खालच्या कोवळ्या फांद्या आडव्या वाकवून शेजारच्या झाडात गुंफायच्या, म्हणजे बुडाशी जाळी होते आणि डुकराचं तोंड आत शिरत नाही. फळं उतरली की वरून छाटायचं. छाटताना बेळक्याने, म्हणजे दुहेरी फाट्याच्या काठीने, फांदी दाबून धरायची आणि मग कापायची. हात घालायचा नाही. करवंदाचा काटा टोकाला दुभंगलेला असतो आणि आत मोडतो. जखमेत चीक गेला की ती आठ-पंधरा दिवस ठणकते. माझ्या डाव्या मनगटात एक टोक अजून आहे, थंडीत कळतं.

चांगली वाढलेली करवंदाची कुपाटी बघायला सुंदर असते. पानं जाड आणि तुळतुळीत, बारा महिने हिरवी. फाल्गुनात पांढरी फुलं, वैशाखात आधी लाल आणि मग काळी फळं. आणि पाणी? पहिल्या दोन वर्षांनंतर मी तिला एक तांब्याही घातला नाही. हे गावात कुणाला पटायचं नाही.

दुष्काळाच्या पहिल्या वर्षी ओढा आटला. दुसऱ्या वर्षी बोअर आटले, टँकर सुरू झाला. लोकांनी गुरं विकली. ज्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही, त्यांनी दावं कापून सोडून दिली. ही सोडलेली गुरं टोळीने फिरायची. चैत्रात एके दुपारी एक बैल आमच्या कुपाटीत घुसला. आत हिरवं दिसत होतं, त्याला वासही येत असणार. मी ओरडले तेव्हा नवरा आणि दीर दोघेही धावत आले. आम्ही तिघांनी त्याला लाकडांनी मारलं. तो मागे हटेना. काटे तोंडात, नाकपुडीत, एका डोळ्यात गेले होते, डोळ्यातून रक्त आणि पाणी गळत होतं, तरी तो छाती रेटत होता. दिराने त्याच्या कपाळावर जाड लाकडाचं डेंगळं हाणलं, तेव्हा तो गुडघ्यावर आला आणि मग वळला. दुसऱ्या दिवशी ओढ्यात मेलेला सापडला. “वैनी, तुमची कुपाटी काय, किल्ला हाय,” असं दीर त्या दिवशी म्हणाला होता, आणि त्याच्या हातातले काटे मी चिमट्याने काढून दिले होते.

दीर आणि जाऊ दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आमच्याकडे ऊसतोडीच्या जोडप्यालाच ‘एक कोयता’ म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीत नेते, दोघांची मिळून गणती एक. त्या वर्षी ऊसच कमी. कारखाना लवकर बंद झाला आणि ही दोघं माघातच परत आली. त्यांच्याकडे म्हैस नव्हती, शेळ्या होत्या. आणि इथूनच भांडण सुरू झालं.

सोसायटीने माळावर चारा छावणी चालवायला घेतली होती. छावणीचा नियम होता, मोठं जनावर असेल तर दावण मिळेल. गाय, बैल, म्हैस. शेळी नाही. शेळी कुठेही चरून पोट भरते, असा तो हिशोब. पण चरायला माळावर दगड सोडून काही उरलं नव्हतं. दीर माझ्याकडे दोनदा आला. सचिव घरातली असून शेळ्यांना पेंढी मिळत नाही, हे त्याला समजेना.

“वैनी, एक शिक्का मारायचा हाय नुसता.”

“भावजी, शिक्का माझा नाही, छावणीचा आहे. शेळीला दिला तर उद्या सगळा गाव शेळ्या घेऊन उभा राहील.”

“मग राहू द्या की. शेरडं काय सरकारची दुश्मन हायेत?”

मग मी एक व्यवस्था केली. कुपाटीचे भाग पाडले. दर सोमवारी एका भागाचे वरचे कोवळे शेंडे छाटून द्यायचे, जेणेकरून झाडही मरणार नाही आणि शेळ्यांच्या तोंडाला हिरवं लागेल. त्याहून जास्त तोडलं तर त्या कोरड्या वर्षात कुपाटी फुटली नसती, आणि कुपाटी गेली असती तर आठवड्यात बाग साफ. बाजारात भाजीकडे बघवत नव्हतं. दोन्ही घरं त्या वर्षी याच बागेतला शेवगा आणि वांगी खात होती, हे दीर विसरला तरी मी विसरले नव्हते.

जाऊ सोमवारी शेंडे न्यायला यायची आणि पाटी भरताना म्हणायची, “आक्का, आज लई केलंत. एवढं खाऊन शेरडाला अपचन हुईल.”

त्या मंगळवारी पहाटे दिराची एक शेळी दाव्यासकट सुटली. गाभण होती. ती कुपाटीपाशी आली, पुढचे पाय उचलून वरचा पाला ओढायला लागली असेल. दावं खालच्या गुंफलेल्या फांद्यांत गेलं. ती ओढत गेली, दावं आवळत गेलं. आम्ही उठून डेअरीवर गेलो तेव्हा अंधार होता, कुणाला दिसली नाही. परत आलो तेव्हा दीर कुपाटीसमोर उभा होता. शेळी बुडाशी मान तिरकी करून लटकत होती, जीभ बाहेर, मागचे पाय खरडून खरडून मातीत दोन खड्डे पडलेले. नाकाला मुंग्या लागल्या होत्या. पोट अजून हलतंय, असं जाऊ म्हणत होती. मी हात लावून पाहिलं. हलत नव्हतं.

“बघितली का वैनी,” दीर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “तुमच्या कुपाटीनं फाशी दिली तिला. पोटात दोन हुती.”

“दावं लांब ठेवू नका म्हणून परवाच सांगितलं होतं, भावजी.”

“सांगितलं. तुमी लई सांगता. लिहून बी ठेवलं आसंल.”

तो घरात गेला आणि कोयता घेऊन आला. ऊसतोडीचा, रुंद पात्याचा, माघात कामावरून आल्यावर धार लावून ठेवलेला. पहिला घाव त्याने दाव्यावर घातला, शेळी खाली पडली. दुसरा कुपाटीवर.

नवरा टेम्पोकडे निघाला होता. दुधाचे कॅन आत चढवलेले, शीतकरण केंद्रावर वेळेत पोचायचं होतं. आवाज ऐकून तो वळला.

“काय करायला बे? ठेव खाली.”

“तू तुझी गाडी हाक. दूध नासंल.”

“ठेव म्हणतो ना.”

“छावणीत शेरडाला जागा न्हाई,” जाऊ म्हणाली, “अन् हितं करवंदं पिकायल्यात. कावून? कुणाच्या तोंडात घालायला?”

मी कुपाटी आणि दिराच्या मधे जाऊन उभी राहिले. बेळकं आडवं धरलं होतं. जाऊने ते धरलं आणि ओढलं. मी सोडलं नाही. तिने बेळकं सोडून माझी वेणी धरली. आम्ही दोघी तोडलेल्या फांद्यांवर पडलो. काटे पाठीत शिरले, तिच्या कोपरात शिरले, तरी तिने वेणी सोडली नाही आणि मी तिच्या तोंडावर मारायचं थांबवलं नाही. माझ्या हाताला तिचा दात लागला. आमच्या पंचवीस वर्षांच्या जावपणात आवाज चढले असतील, हात कधी उठले नव्हते. कुणाचा तरी पाय लागून टँकरची भरून ठेवलेली घागर कलंडली. तेव्हा मात्र सगळे थांबले. जाऊने माझी वेणी सोडून झेप घेतली, घागर उभी केली, आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, “अर्धी हाय.” मग तिने घागर भिंतीला टेकवली आणि परत माझ्यावर आली.

“आता पाणी सांडलं तर मी दोघींना बी तुडवीन,” सासूबाई बाजेवरून म्हणाल्या आणि त्यांनी काठी फेकली. ती चेअरमनच्या पायाजवळ पडली. चेअरमन तेवढ्यात आले होते. त्यांनी काठी उचलली आणि कुणाला द्यावी ते न कळून हातात धरून ठेवली.

नवऱ्याने दिराला मागून मिठी मारली. दिराने कोपर मागे हाणलं, ते नाकावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला पडल्या जागी ऐकू आला. नवरा खाली बसला, हनुवटीवरून रक्त शर्टावर, शर्टावरून किल्लीवर. पण त्याने पुन्हा दिराचे पाय धरले. दिराने लाथ मारून पाय सोडवले आणि कुपाटीच्या बुडाशी वाकला. आता त्याला वरचं तोडायचं नव्हतं. मुळापासून काढायचं होतं.

इथे जे झालं, ते ऊसतोड्याच्याच हातून होऊ शकतं. बेळकं कसं वापरायचं हे दिराला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. बाभळीची कुपाटी त्याने लहानपणापासून घातली आहे. पण रागात हाताने ती सवय घेतली जी वर्षातले सहा महिने दिवसभर चालते. कमरेत वाकायचं, डाव्या हाताने उसाचा जुडगा मुठीत धरायचा आणि उजव्या हाताने जमिनीलगत, आपल्या पायाच्या दिशेने, एका झटक्यात घाव घालायचा. ऊस रसाळ असतो. पातं आरपार जातं आणि वेग तिथेच मरतो. त्याने करवंदाची खोडं मुठीत धरली. काटे तळव्यातून आत गेले, दोन वरच्या बाजूने बाहेर आले. त्याने मूठ उघडली नाही. घाव घातला. करवंदाचं जुनं खोड लोखंडासारखं असतं, त्यात गाठी. पातं गाठीवर बसलं, निसटलं आणि सगळा वेग घेऊन त्याच्या डाव्या नडगीत गेलं.

आवाज लाकूड फोडल्यासारखा आला. तो आपल्या पायाकडे बघत राहिला. क्षणभर रक्तच नव्हतं. पांढरं हाड दिसलं. मग रक्त आलं, आणि ते थांबणारं नव्हतं.

जाऊ खाली बसली. तिने दोन्ही हातांनी जखम दाबून धरली, तिच्या बोटांतून रक्त उडत होतं. मी टेम्पोतून दूध गाळायचं फडकं आणलं आणि गुडघ्याखाली बांधलं, बेळक्याचा फाटा मोडून मधे घातला आणि पिळलं. दीर म्हणाला, “मूठ सुटंना.” त्याची डावी मूठ अजून खोडांना धरून होती. मी छाटणीच्या कात्रीने खोडं वर-खाली कापली आणि काट्यांसकट ती मूठ तशीच उचलली.

टेम्पोत कॅन होते. शीतकरण केंद्र एकीकडे, अंबाजोगाई दुसरीकडे. नवऱ्याने चेअरमनकडे बघितलं.

“उतरवा कॅन,” मी म्हणाले.

“सगळ्या गावाचं दूध हाय ते,” चेअरमन म्हणाले, आणि बोलता बोलताच काठी टाकून त्यांनी पहिल्या कॅनला हात घातला. कॅन उन्हातच उतरवले, सावलीत न्यायलाही वेळ नव्हता. दुपारी ते दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी डेअरीसमोर लोक जमले, दोघांनी चेअरमनची गचांडी धरली, एकाने फॅट मोजायच्या मशीनच्या खोलीचं दार लाथेने पाडलं. ते पुढचं.

नवरा तोंडाने श्वास घेत टेम्पो चालवत होता. मागे दिराचं डोकं टेम्पोच्या फळीला टेकलेलं, पाय जाऊच्या मांडीवर, फडक्याची गाठ माझ्या हातात. तिच्या बांगडीत माझे केस गुंतलेले होते. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, “आक्का, लई घट्ट तर न्हाई ना बांधलं? पाय काळा पडायला.” मी गाठ थोडी सैल केली, रक्त आलं, परत आवळली. दीर डोळे मिटून म्हणाला, “दोघी गप बसा. मघापासनं वैताग आणलाय.”

अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात त्याचा पाय वाचला. पावलाची शीर तुटली होती, ती जोडली, पण पाऊल पूर्ण उचलत नाही. चालताना चप्पल घसटते. तळव्यातले काटे काढायला वेगळा वेळ लागला. नवऱ्याचं नाक तिथेच बसवलं, थोडं डावीकडे राहिलं. दोघा भावांना एकाच खोलीत खाटा मिळाल्या आणि दोघांनी भिंतीकडे तोंड केलं.

आम्ही तिकडे होतो, तेव्हा सासूबाई बाजेवरून उठल्या. वाकत वाकत त्यांनी कुपाटीच्या तोडलेल्या फांद्या शेळ्यांपुढे ओढून टाकल्या. रात्री मी आले तेव्हा शेळ्या रवंथ करत होत्या. “ते हिरवं वाया कावून घालवायचं?” त्या म्हणाल्या. मेलेली शेळी जागेवर नव्हती. ती कुणी नेली, ते मी विचारलं नाही.

त्या दिवाळीनंतर दीर-जाऊ ऊसतोडीला गेले नाहीत. जोडप्यातल्या पुरुषाला वाकून तोडता आलं नाही तर कोयता होत नाही, आणि एकट्या बाईला मुकादम घेत नाही. जाऊने मुकादमाच्या दारात जाऊन मी तोडते, मोळी दुसरं कुणीतरी नेईल, असं सांगून पाहिलं. तो हसला, तिने त्याच्या दारातली खुर्ची उचलून उंबऱ्यावर आपटली आणि परत आली. हे तिने मला कुपाटीच्या पलीकडून सांगितलं. मी सोसायटीच्या बैठकीत दिराचं काम मांडलं, कॅन धुण्याचं, स्टुलावर बसून करण्यासारखं. दूध फाटल्याचं लोकांच्या डोक्यात होतं. आवाज चढले, एकाने माझ्यासमोर टेबलावर मूठ आपटली. चेअरमननी ते काम दिलं. आता दीर रोज सकाळी कॅन धुतो, नवरा ते टेम्पोत चढवतो. एक कॅन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो आणि दोघं बोलत नाहीत.

कुपाटीचं असं झालं. ज्या बाजूला घाव पडले, तिथली खोडं फाटलेली होती. फाटलेल्या खोडात पाणी साचतं आणि ते आतून सडतं, म्हणून मी ती करवतीने जमिनीलगत सपाट कापली आणि शेणमातीचा लेप दिला. त्या उन्हाळ्यात काही फुटलं नाही. पाऊस झाला तेव्हा कडेच्या चार-दोन खोडांना कोंब आले. मधली मेली. मधे बैल सहज जाईल एवढं खिंडार आहे. त्यातून शेळ्या येतात, मोकाट गुरं येतात. पहिल्याच पावसाळ्यात वांग्याचा वाफा एका रात्रीत गेला. नवरा बाभळीच्या फांद्या आणून टाकतो, त्या वाळतात आणि जाऊ त्या चुलीत घालते. दोन्ही घरांची भाजी आता बाजारातून येते.

नवीन रोपं मी केली आहेत. उरलेल्या कुपाटीची करवंदं उतरली त्या दिवशी जाऊला आणि सासूबाईंना खायला बसवलं, बिया ताटात घेतल्या, त्याच संध्याकाळी पिशव्यांत लावल्या. आता रोपं गुडघ्याला आली आहेत. लिंबाच्या झाडाखाली ठेवलेल्या त्या पिशव्यांची बुडं फाटून मुळं जमिनीत गेली आहेत. या पावसाळ्यात हलवली नाहीत तर उपटताना मोडतील.

अडलं आहे ते चराशी. खिंडार नेमकं दोन घरांच्या हद्दीवर आहे. चर खणायचा तर आधी दोरी लावायची, आणि दोरीच्या एका टोकाला एक भाऊ, दुसऱ्या टोकाला दुसरा भाऊ, ही आमच्याकडची पद्धत. बायकांनी दोरी धरलेली चालत नाही. उद्या कुणी म्हणू नये, की हद्द सरकवली. नवरा म्हणतो, त्याने बोलवावं. दीर म्हणतो, “ज्याची कुपाटी त्यानं लावावी, मी कशाला येऊ?” मग थोड्या वेळाने म्हणतो, “पर माझ्या माघारी लावू नका.” जाऊने आणि मी तीन वेळा दिवस ठरवला. एकदा दीर दवाखान्यात गेला, एकदा टेम्पो बिघडला. एकदा दोघेही घरी होते, दोरी अंगणात काढून ठेवली होती, आणि दुपारपर्यंत कुणीही तिला हात लावला नाही. संध्याकाळी मीच ती गुंडाळून खुंटीला अडकवली.

चर अजून खणायचा आहे.